भाऊजींकडून राहिलेला चेहरा

नासिरचा फोन आला तेव्हा मी जळगावला पिंप्राळ्यातल्या आमच्या दारात दूधवाल्याशी हुज्जत घालत उभी होते. "मावशी, सर गेले," एवढंच तो म्हणाला. कसे गेले, केव्हा गेले, यातलं काहीच मी विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं, "अक्का काय करतेय?" नासिर म्हणाला, "बसल्या आहेत." मी विचारलं, "रडतेय?" तो म्हणाला, "नाही मावशी... बसल्या आहेत फक्त." मी पातेलं आत नेऊन ठेवलं, पिशवीत एक साडी कोंबली आणि रिक्षाने स्टँडवर आले. धुळ्याची गाडी लागलेलीच होती.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण सुमन, आणि गेले ते तिचे यजमान, माझे भाऊजी. धुळ्याला देवपुरात राहायचे, एका हायस्कुलात चित्रकलेचे शिक्षक होते, निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. नासिर हा त्यांचा जुना विद्यार्थी. तोही आता पन्नाशीला टेकलाय आणि त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. वर्तमानपत्रात भाऊजींची बातमी आली ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, 'ज्येष्ठ कलाशिक्षक' म्हणून. त्यांना ते चाललं असतं. स्वतःला चित्रकार म्हणवून घ्यायला ते फार संकोचायचे. पण आमच्या खान्देशातल्या जुन्या घरांत, बैठकीच्या भिंतीवर, मेलेल्या माणसांची जी तैलचित्रं हार घालून टांगलेली दिसतात ना, त्यांतली पुष्कळशी त्यांच्या हातची. खाली सही नाही. "गेलेल्या माणसाच्या छातीवर माझं नाव कशाला?" म्हणायचे.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मला रडू काही येईना. आठवत होतं ते भलतंच. कॉलेजात असताना सुट्टीत मी अक्काकडे जायची, आणि चित्रकाराची मेहुणी म्हणजे फुकटचं मॉडेल. घराच्या उत्तरेच्या अंगाला त्यांनी एक खोली काढून घेतली होती, मोठ्या खिडकीची. त्या खिडकीत बसून मी किती प्रकारचं दुःख केलं असेल याची गणती नाही. विरहिणी मी, विधवा मी, युद्धावर गेलेल्याची वाट बघणारी मी, आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आईसुद्धा मीच, आणि तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. अक्काला ते बसवायचे नाहीत, कारण अक्काला हसू फुटायचं. मान खाली घालायला सांगितली की तिचे खांदे हलायला लागायचे. भाऊजी चिडायचे, ब्रश आपटायचे, आणि मग स्वतःच हसायचे. हसणारी बाई दुःखाच्या कामाची नाही म्हणून तिची बदली स्वयंपाकघरात आणि माझी खिडकीत.

भाऊजी सोनगीरचे. शाळेत, लोकांत अगदी शुद्ध बोलायचे, पण कामात बुडाले की त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. "मान खाल घाल. आखो खाल. हात ढिला सोड... हात मरेल शे असं समज." मग मी मेलेला हात मांडीवर टाकून बसायची. पायाला मुंग्या यायच्या, माश्या बसायच्या, आणि भाऊजी एक डोळा मिटून, ब्रशच्या दांड्याने माझ्या दुःखाची मापं घ्यायचे.

त्यांचं शिक्षण जुन्या वळणाचं. आधी प्लास्टरचे पुतळे, मग सांगाडा, मग स्नायू, मग जिवंत माणूस, आणि शेवटच्या वर्षाला 'रचना'. त्या रचनेला विषय ठरलेले असत, आणि शोक हा त्यातला पेटंट विषय. त्यांच्याकडे परदेशी चित्रांचं एक जाड पुस्तक होतं, रंग उडालेलं. ते पुढ्यात उघडून ते मला शिकवायचे, मी विचारलेलं नसतानाही. शोक चेहऱ्यात काढायचा नाही, म्हणायचे. तो मानेत काढायचा, खांद्यात, पाठीच्या कण्यात, सैल सुटलेल्या बोटांत. साडीच्या चुण्या सगळ्या खाली ओघळल्या पाहिजेत. उजेड एकाच बाजूने, आणि तोही जो गेलाय त्याच्यावर पडलेला. मागे राहिलेले अंधारात. आणि तोंड... तोंड झाकायचं. पदराने, तळहाताने, केसांनी, कशानेही. "तोंड उघडं काढलं की चित्र संपलं," हे त्यांचं आवडतं वाक्य. "माणूस खरोखर रडतो तेव्हा कुरूप दिसतो, कुसुम. बघणारा आधी दात बघतो, मग मान वळवतो. दुःख बघायला कोणी थांबतच नाही."

मी पुस्तक चाळायची आणि मला त्या बायांचा हेवा वाटायचा. मेलेलं पोर मांडीवर, आणि लुगड्याला इस्त्री केल्यासारखी घडी. एकीचंही नाक गळत नव्हतं. बाप मात्र बहुतेक ठिकाणी पाठमोरा, खिडकीशी नाहीतर भिंतीशी. मी विचारलं होतं, सगळे बाप पाठ करून का उभे? भाऊजी म्हणाले, "बापाचा चेहरा कसा काढायचा ते कोणाला सापडलं नसेल. पाठ सोपी."

मी वाद घालायची. आम्ही दोघी यावलकडच्या. आमच्याकडे कोणी गेलं की बाया दारावर येतात त्या गल्लीच्या तोंडापासूनच आवाज काढत. पदर तोंडावरून ओढलेला असतो, पण आतून शब्द येत असतात. गेलेल्याशी भांडण चालतं, त्याला जाब विचारला जातो, मागच्या कुठल्या लग्नातला मानपान निघतो, एकमेकींच्या गळ्यात पडून डोक्याला डोकं लावून रडतात. आणि चहा आला की तोंड पुसून विचारतात, तुमच्याकडची केळी कापली का? हे सगळं कुठे तुमच्या चित्रात, मी म्हणायची. त्यावर भाऊजींनी एकदा ब्रश खाली ठेवला. "ते ऐकायचं दुःख शे," म्हणाले. "मनाकडे आवाज नही. मनाकडे उजेड शे." म्हणजे माझ्याकडे आवाज नाही, माझ्याकडे उजेड आहे. हे मला तेव्हा पटलं, हेही सांगून टाकते.

पण त्यांचं खरं काम ते नव्हतंच. खरं काम म्हणजे मेलेल्यांचे चेहरे. आता नासिरच्या दुकानात घटकाभरात माणसाएवढा फ्लेक्स निघतो, पण तेव्हा गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या, कार्यक्रमाला किंवा वर्षश्राद्धाला तैलचित्र लागायचं आणि लोक बारीकसा फोटो घेऊन यायचे, कधी ओळखपत्रावरचा, कधी लग्नाच्या घोळक्यातला. भाऊजी फोटो ठेवून घ्यायचे आणि म्हणायचे, "आता माणूस आणा." फोटो मापं देतो, माणूस देत नाही, हा त्यांचा हट्ट. गेलेल्याच्या रक्ताचं कोणीतरी जिवंत माणूस समोर बसल्याशिवाय ते रंगाला हात लावायचे नाहीत. यावलकडच्या एका घरातली म्हातारी गेली, तिचा आयुष्यात एकही फोटो नव्हता. तिच्या तिन्ही लेकी आणि भाऊ देवपुरात येऊन राहिले. कपाळ भावाचं घेतलं, नाक थोरलीचं. हनुवटीवरून बहिणींत जुंपली. थोरली म्हणे आईची माझ्यासारखी, मधली म्हणे माझ्यासारखी. धाकटी गप्प बसून होती, तिच्या जन्मापासूनच आई आजारी, धडधाकट आई तिला आठवतही नव्हती. भाऊजींनी तिलाच उजेडात बसवलं. चित्र झाल्यावर दोघी थोरल्या बघत राहिल्या, आणि धाकटीने पुढे होऊन त्या ओल्या रंगाला बोट लावलं. तिचं बोट उमटलेली ती जागा भाऊजींनी दुरुस्त केली नाही.

त्या चित्रांत शोकाचा लवलेश नसायचा. गेलेला माणूस सरळ समोर बघतोय, अंगात धुतलेला सदरा, चेहऱ्यावर जेवून उठल्याची शांतता. गेलेला रडत नसतो, रडतात मागचे, असं ते म्हणत. मागच्यांसाठी एक प्रकारचं चित्र, गेलेल्यांसाठी दुसरं. त्यांची सगळी विद्या या दोन खणांत नीट लावलेली होती, आणि मग शेखर गेला.

शेखर त्यांचा एकुलता एक. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. सोनगीरला आजोबांकडे मोटारसायकलवरून निघाला आणि हायवेवर ट्रकखाली आला. या गोष्टीलाही आता वीसेक वर्षं झाली. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि आमच्याकडच्या बाया गळा काढून रडत होत्या. अक्का रडत नव्हती. भिंतीला टेकून, पाय समोर लांब पसरून बसली होती. लहान मुलं बसतात ना अंगणात, तशी. पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड अर्धवट उघडं, आणि पुढ्यात कोणीतरी ठेवलेल्या सुपातले तांदूळ ती निवडत होती. खडा सापडला की उचलायची, बघायची, आणि परत तांदळातच टाकायची. कोणी सूप काढून घेतलं की तिचे हात तसेच जमिनीवर चालू राहायचे. दहावा दिवस आला तरी हेच. बाया मला म्हणायच्या, हिला रडव, नाहीतर ही डोक्यावर परिणाम करून घेईल.

त्या दहाव्या दिवशी दुपारी मी पाणी आणायला उठले, तर मधल्या दाराशी भाऊजी उभे होते, आमच्याकडे अर्धी पाठ करून. मला वाटलं डोळे पुसताहेत. जवळ गेले तर हातात पेन्सिल आणि कागद. ते अक्काला काढत होते. लांब पसरलेले पाय, सूप, उघडं तोंड... सगळं जसंच्या तसं. मी काही बोलणार एवढ्यात पाहिलं की अक्काही तिकडेच बघतेय. तिने पाय जवळ घेतले आणि पदर डोक्यावरून ओढून पुरता चेहरा झाकला. आयुष्यात पहिल्यांदा ती अगदी त्यांच्या पुस्तकातल्यासारखी बसली.

भाऊजींबद्दल मला तेव्हा जो संताप आला तो कित्येक वर्षं गेला नाही. पण आज लिहिताना वाटतं, त्या माणसाला दुसरं येत काय होतं? बाकीचे बाप विडी ओढतात, गच्चीवर जाऊन येतात. याचा हात पेन्सिलीकडे गेला.

पुढे वर्षभराने त्यांनी त्या कागदावरून मोठं तैलचित्र करायला घेतलं. अक्काला बसायला सांगितलं, ती 'नाही' एवढंच म्हणाली. मग मला निरोप आला. मी गेले. अक्काची साडी नेसून, अक्काच्या जागी, भिंतीला टेकून बसले, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझ्या मते कोणीतरी बसायला हवंच होतं. पण कामाला सुरुवात झाली आणि गंमत बघा... पाय पसरलेले त्यांना सहन होईनात. "रचना बसत नाही," म्हणाले. मग पाय दुमडले. सूप नको, तांदळाचे ठिपके नजर खातात. मग तोंड मिटलं, मान झुकली, उजवा हात कपाळाशी गेला, डावा मांडीवर मेला. खिडकीतला उजेड एका बाजूने आला. एकेक करत त्यांचं कॉलेज त्या चित्रात येऊन बसलं आणि अक्का बाहेर पडली. शेवटी राहिली ती मी, संध्याकाळची जळगावची गाडी चुकेल का या काळजीत मान खाली घालून बसलेली.

त्या चित्राला बक्षीस मिळालं. प्रदर्शनाला ते आम्हां दोघींना घेऊन गेले. लोक चित्रासमोर थबकत होते. एक प्रौढ बाई तर डोळ्यांना रुमाल लावून उभी राहिली. मी तिच्या शेजारीच होते आणि तिला सांगावंसं वाटत होतं की बाई, ही गाडीची काळजी आहे. पण तिचं जे कोणी गेलं असेल ते तिला तिथे दिसत होतं, माझ्या वाकलेल्या मानेत. या चित्रांचं हेच आहे. त्यांतलं दुःख कोणाचंच नसतं, म्हणून कोणीही त्यात आपलं माणूस ठेवून रडू शकतं. ज्याचं असतं, त्याला मात्र तिथे जागा नसते. अक्काने चित्र खालपासून वरपर्यंत पाहिलं. इतकी वर्षं धुळ्यात काढूनही तिची बोली यावलचीच राहिली. "साडी चांगली काढली," म्हणाली. "चला, पाय दुखू रायले."

घरी परतल्यावर तिने भाऊजींकडे एकच गोष्ट मागितली. शेखरचं चित्र. भिंतीवर त्याचा कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला होता, त्यात त्याचा चेहरा ताठ, पकडून आणल्यासारखा. "हा माझा पोरगा नई," अक्का म्हणायची. "जगाचे लोक भितीवर लावले तुम्ही. माझं लेकरू तेवढं कायले ठेवलं?" भाऊजी 'हो' म्हणायचे. कॅनव्हास ताणायचे, अस्तर द्यायचे, ते वाळायचं, आणि त्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी बाप उतरायचा. असं वर्षानुवर्षं चाललं. दोघांत भांडण नव्हतं, जेवणखाण, औषधपाणी सगळं वेळच्या वेळी. पण पूर्वी ते तिला 'शेखरनी माय' अशी हाक मारायचे, ती बंद पडली होती आणि तिच्या जागी दुसरी कुठलीच हाक आली नव्हती. काही हवं असलं की नुसते खाकरायचे. अक्का उठून यायची. ती उत्तरेच्या खोलीत मात्र पाऊल टाकत नसे, चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवायची.

एकदा मी त्यांना धारेवर धरलं. अक्का देवळात गेली होती. म्हटलं, भाऊजी, ती थोडंच काही मागतेय? तुमचा हातखंडा आहे. एका चेहऱ्यासाठी तिला किती वर्षं ताटकळत ठेवणार? ते बराच वेळ हातावरचा रंग खरवडत बसले. मग म्हणाले, "मी बठ्ठासना चेहरा काढात. मना पोऱ्याना माले नही जमस." आणि मग, माझ्याकडे न बघता, सगळ्यांचे चेहरे काढले तरी स्वतःच्या पोराचाच का जमत नाही ते नीट शुद्ध मराठीत समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. त्याचं कपाळ, डोळे, नाक तिचं आहे. जिवणी आणि हनुवटी माझी. त्याला काढायचं म्हणजे तिला समोर बसवून दिवसचे दिवस बघावं लागेल. तिच्याकडे तसं बघायचा माझा हक्क मी घालवलाय, कुसुम. ती बसणार नाही, आणि बसली तरी मला बघवणार नाही. मी म्हटलं, मग फोटोवरून करा. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी विषय बदलला.

मागच्या वर्षी त्यांचा हात कापायला लागला. डॉक्टरांनी छातीचंही काहीतरी सांगितलं. चित्र मागायला आता कोणी येतच नव्हतं. एक दिवस सकाळी अक्का न्हाऊन, केस मागे घट्ट ओढून, उत्तरेच्या खोलीत गेली आणि खिडकीतल्या स्टुलावर बसली. "काढा," म्हणाली. हे मला तिनेच नंतर फोनवर सांगितलं, बाजाराला जाऊन आले अशा सुरात. मी विचारलं, एकाएकी कसं काय? ती म्हणाली, "हात चालतो तवर बसते. मंग कोनासाठी बसू?"

मी त्यानंतर दोनदा जाऊन आले. खोलीत शिरायची मला परवानगी नव्हती, मी उंबऱ्यावर बसायची. भाऊजी उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन ब्रश चालवत होते. एक रेघ मारायला इतका वेळ की बघणाऱ्याचा जीव जावा. अक्का समोर बघत बसलेली आणि बोलत होती. शेखरबद्दलच. त्याला गवार आवडत नसे, तो झोपेत दात खायचा, कपाळावरचा तो व्रण सोनगीरच्या किल्ल्यावर पडला तेव्हाचा. "व्रण डाव्या अंगाला," ती म्हणाली, आणि भाऊजींनी मान हलवली, "माले याद शे." ज्या गोष्टी ते एकमेकांशी इतक्या वर्षांत बोलले नव्हते त्या आता चेहरा जुळवायच्या निमित्ताने निघत होत्या. मधेच तिची नजर ढळली, तेव्हा ते म्हणाले, "शेखरनी माय, इकडे देख." अक्काने पाहिलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. मला बघवेना.

दिवाळीपर्यंत कपाळ झालं, भुवया झाल्या, डोळे झाले, नाकही उतरलं. आणि खरं सांगते, तो शेखर होता. हात कापत असल्यामुळे असेल, कडा त्यांच्या जुन्या चित्रांसारख्या रेखीव नव्हत्या, पण मावशी म्हणून हाक मारेल असं वाटलं मला. आता खालचा भाग उरला होता, जिवणी आणि हनुवटी. ती त्यांची स्वतःची. त्यांनी नासिरला आरसा आणायला सांगितला, मोठा, ईझलच्या बाजूला उभा करता येईल असा. आरसा आला, त्यांनी तो उजेडाला लावून पाहिला, जरा उजवीकडे सरकवून घेतला, आणि म्हणाले, उद्या बसू. पहाटे ते उठलेच नाहीत.

मी धुळ्याला पोचले तेव्हा त्यांना बाहेरच्या खोलीत खाली घेतलेलं होतं. पुरुष अंगणात तयारीला लागले होते. अक्का उशाशी होती, कोरड्या डोळ्यांनी. तोंडात तुळशीपत्र ठेवून झालं, आणि बायांनी हनुवटी बांधायला कापडाची पट्टी पुढे केली, तर ती म्हणाली, "थांबा." तिने आपला तळवा त्यांच्या हनुवटीखाली घातला आणि तोंड हळूच मिटवलं. अंगठ्याने खालचा ओठ थोडा वर घेतला. मग तसाच हात ठेवून बघत राहिली. कपाळाकडे नाही, डोळ्यांकडे नाही, फक्त तिथेच. बाहेरून कोणीतरी घाई करत होतं. अक्काची सोनगीरची एक चुलत नणंद माझ्या कानाशी पुटपुटली, "कितला जीव व्हता माय नवरावर." मलाही तसंच वाटलं. वाटलं, चला, शेवटी तरी माफ केलं हिने. बऱ्याच वेळाने तिने हात काढला आणि बायांना पट्टी बांधू दिली.

गंधमुक्तीला नासिरने फ्लेक्स करून आणला होता, दारापेक्षा उंच. त्यात भाऊजी दात दाखवून हसत होते आणि गालांवर कुठून तरी गुलाबी रंग आला होता. भाऊजींनी तो बघून नासिरला वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्या दिवशी कोणी चित्राचा विषय काढला नाही. उत्तरेच्या खोलीला कडी होती.

परवा नासिर पुन्हा आला. मी अजून धुळ्यातच आहे, अक्काला एकटी टाकून जाववत नाही. त्याच्या हातात नवे ब्रश, रंगाच्या ट्यूबा, आणि शेखरचा तो ओळखपत्रावरचा फोटो त्याने आपल्या मशिनवर इतका मोठा आणि स्वच्छ करून आणला होता की मिशीची कोवळी लव मोजता यावी. आम्ही तिघं उत्तरेच्या खोलीत गेलो. ईझलवर शेखर होता, नाकापर्यंत. त्याखाली पांढरं अस्तर. नासिर चाचरत म्हणाला, "काकू, कित्येक वर्षांत ब्रश धरला नाही मी... पण सरांनी अवघड काम करून ठेवलंय. एवढं खालचं मी पुरं करतो. फोटो आहे. सरांच्या पद्धतीनेच करीन."

"त्यायच्या पद्धतीनं?" अक्काने विचारलं.

"हो काकू."

"मंग तोंड कोनाचं पाहून काढशीन?"

नासिर हातातला फोटो पुढे करणार होता, तो त्याने हळूहळू खाली घेतला. मला आत्ता कुठे कळलं की त्या सकाळी, सगळं घर खोळंबलेलं असताना, ती हनुवटीला हात लावून काय बघत बसली होती. नवऱ्याला नव्हती बघत. तिचं पोर तेवढंच उरलं होतं जगात, आणि बाहेर माणसं ते न्यायला उभी होती. मी तिचा खांदा धरला. ती चित्राच्या त्या पांढऱ्या जागेकडे बघत होती.

"मी पाहून ठेवलं हाय, कुसू," ती म्हणाली. "डोळे मिटले का दिसते मले. पन मले काढता येत नई."